प्रज्ञा : एका नांवाचा उच्चार

परभणी जिल्ह्यांत झरी नांवाचें गांव आहे. झऱ्यांतला 'झ' तोच झरींतला. जिभेचें टोंक दातांमागें टेकवून काढलेला. इंग्रजी लिपींत हें नांव पुष्कळदां 'झेड'नें लिहितात, आणि मग परप्रांतींचा वाचक तें जरतारींतल्या 'जरी'सारखें वाचतो. गांवाला त्याची खंत नसते. माणसाचें तसें नाहीं. आणि त्यांतून मुलीचें नांव 'प्रज्ञा' असेल तर मुळींच नाहीं.

आपण मराठी माणसें हें नांव 'प्रद्न्या' असें उच्चारतों. हीच मुलगी शिक्षणासाठीं उत्तरेकडे गेली कीं तिची 'प्रग्या' होते. गुजराथेंत 'ग' येतो, पण त्याच्या मागोमाग 'न'ही येतो. इंग्रजींत लिहितांना आपण मधें 'डी, एन्, वाय्' घालतों, हिंदी भाषिक 'जी, वाय्' घालतात, तर संस्कृताचे अभ्यासक 'जे, एन्'. शाळेच्या दाखल्यावर एक आणि परप्रांतांतल्या कारकुनाच्या वहींत दुसरें, असें झालें म्हणजे ह्या दोन मुली नसून एकच आहे हें पटविण्यासाठीं प्रतिज्ञापत्र करावें लागतें. त्या प्रतिज्ञेंतही पुन्हा 'ज्ञ' आहेच!

मग खरा उच्चार कोणता? 'ज्ञ' म्हणजे 'ज्' आणि 'ञ्' यांचा संयोग. हा संयोग जिभेला इतका अवघड कीं सामान्य जनांनीं तो फार पूर्वींच सोडून दिला. राज्ञीची राणी झाली, आज्ञेची आण झाली, यज्ञोपवीताचें जानवें झालें, आणि सज्ञानाचा शहाणा झाला. ह्या सर्वांत 'ज्ञ'मधला 'ज्' गळाला, अनुनासिक तेवढें टिकलें. पालींतही प्रज्ञेची 'पञ्ञा' झाली, आणि तीच थायलंडांत आज 'पन्या' अशी ऐकूं येते. पुढें पंडितांनीं संस्कृत शब्द पुन्हा मूळ रूपांत आणले, तेव्हां प्रत्येक प्रांतानें आपापली सोय पाहिली. मराठीनें 'ज्'चा 'द्' केला पण अनुनासिक राखलें. हिंदीनें 'ज्'चा 'ग्' केला आणि 'न'कार सोडला. तेव्हां 'प्रग्या' म्हणणाऱ्यास हंसण्याचा अधिकार आपणांस फारसा नाहीं. मूळ अक्षरांत 'द' तरी कोठें आहे? शिवाय १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता व तेथील सरकारी दफ्तर उर्दूंत चाले. उर्दूंत 'ज्ञान' हा शब्द 'ग्यान' असाच लिहितात. म्हणजे तो 'ग'कार झरीलाही अगदींच परका नव्हे.

असें अवघड नांव खेड्यापाड्यांत रुजलें कसें? हा गंगाखेडच्या जनाबाईचा जिल्हा. जना, गोदा, रखमा, हीं येथलीं जुनीं नांवें. बोलावयास सोपीं, हांक मारावयास बरीं. 'प्रज्ञा' हा शब्द गीतेंतल्या स्थितप्रज्ञामुळें सुशिक्षित घरांना ठाऊक होता. पण तो वस्त्यावस्त्यांत नेला तो १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास झालेल्या धर्मांतरानें. त्याच वर्षीं मे महिन्यांत डॉ. आंबेडकरांनीं लंडनच्या बी.बी.सी. नभोवाणीवरून भाषण केलें, आणि बौद्ध धर्म आपणांस प्रिय कां, हें सांगतांना प्रज्ञा, करुणा व समता हीं तीन तत्त्वें पुढें मांडलीं. प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धेच्या विरुद्ध असलेली समज, असा त्यांचा अर्थ होता. पुढें ह्या तिन्ही तत्त्वांचीं मुलींचीं नांवें झालीं.

ह्या निवडीचें मोल जुन्या नियमाशेजारीं ठेवून पाहावें. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत शूद्राचें नांव तुच्छतादर्शक असावें आणि स्त्रीचें नांव उच्चारावयास सुलभ असावें, असें सांगितलें आहे. दलित घरांतल्या मुलीचें नांव 'प्रज्ञा' ठेवलें म्हणजे हे दोन्ही नियम एकाच हांकेंत मोडतात. एखाद्या आजीच्या तोंडीं तें जोडाक्षर सैल होऊन 'परदन्या' होईल. पण ती हांक मारते ती बुद्धीच्याच नांवानें. म्हणूनच, तुझें नांव अवघड आहे, आपण दुसरें सोपें म्हणूं, असें वर्गांत सांगणाऱ्या शिक्षकाचें वागणें मला निर्दोष वाटत नाहीं. मुलीला विचारावें, आणि ती सांगेल तसें म्हणावें.

राहिली इंग्रजी अक्षरांची अडचण. पहिल्या इयत्तेंत नांव घालतांनाच पालकांनीं 'डी, एन्, वाय्' कीं 'जे, एन्', हें ठरवावें, दाखला हातीं घेऊन तेथल्या तेथें वाचून पाहावा, आणि पुढें पारपत्रापर्यंत तेंच ठेवावें.