इक्बाल मिर्चीचा अमली व्यापार

इक्बाल मोहम्मद मेमन याला मुंबईचे गुन्हेगारी जगत ‘इक्बाल मिर्ची’ म्हणून ओळखत असे. घराण्याच्या मसाल्याच्या धंद्यामुळे हे नाव पडले. दाऊद इब्राहिमच्या वर्तुळातील या माणसावर प्रामुख्याने मँड्रॅक्सच्या तस्करीचे आरोप झाले. झोपेचे औषध म्हणून आलेली ही गोळी दक्षिण आफ्रिकेत चुरून गांजात मिसळून ओढली जाई. तिथली मोठी मागणीच भारतातल्या बेकायदा उत्पादनाला पोसत होती.

पैसा मुंबईच्या जमिनीत मुरला. 1986 मध्ये त्याने वरळीत समुद्राजवळ तीन मालमत्ता घेतल्याचे तपास यंत्रणा सांगतात. पुढे तो दुबईला आणि तिथून लंडनला गेला. 1995 मध्ये भारताच्या विनंतीवरून ब्रिटिश पोलिसांनी त्याला अटक केली, मात्र प्रत्यार्पण झालेच नाही. हे अपयश गंभीर होते. 2004 मध्ये अमेरिकेने त्याला अमली पदार्थांच्या बड्या तस्करांच्या यादीत टाकले. ऑगस्ट 2013 मध्ये लंडनमध्येच त्याचा मृत्यू झाला. वरळीतील मालमत्तांवर सक्तवसुली संचालनालयाची कारवाई त्यानंतर, 2019 मध्ये, सुरू झाली.