खुराड्यातला देवदूत, गावचा झालेला बुडीत

गाब्रिएल गार्सिया मार्केस या कोलंबियन लेखकाच्या 1968 मधल्या दोन कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. दोन्हींत समुद्रकाठचं गाव आहे आणि अचानक आलेला एक अनोळखी पाहुणा.

पहिल्या कथेत पेलायो नावाच्या माणसाच्या अंगणातल्या चिखलात एक पंखवाला म्हातारा सापडतो. शेजारीण त्याला देवदूत ठरवते, तरी रवानगी होते कोंबड्यांच्या खुराड्यात! लोक त्याची पिसं उपटतात, डागणीच्या तापल्या सळीने डिवचतात. पाद्रीबुवांना वेगळाच संशय: याला लॅटिन कसं येत नाही? रोमहून तर त्याला बेंबी आहे का, अशीही चौकशी होते. पेलायोची बायको एलिसेंदा मात्र व्यवहारी. दर्शनाला पाच सेंट लावून ती दुमजली घर उभं करते. नव्या घराच्या खिडक्यांना गज बसतात, ते देवदूत आत येऊ नयेत म्हणून.

पुढे कोळ्याच्या देहाची मुलगी गावात येते आणि गर्दी तिकडे वळते. तिचं तिकीट स्वस्त, शिवाय ती आपली कहाणी स्वतः सांगते. मुक्या चमत्कारापेक्षा बोलका चमत्कार लोकांना भावतो, ही मार्केसची खास खोच.

दुसऱ्या कथेतला पाहुणा मेलेलाच आहे. वीसेक घरांच्या गावातल्या बायका त्या धिप्पाड, बुडून मेलेल्या माणसाला एस्तेबान असं नाव देतात. अंत्यविधीसाठी गावातलेच आई-बाप, काका-मामा नेमले जातात, त्यामुळे सारं गावच एकमेकांचं नातेवाईक होतं.

त्याला समुद्रात सोडताना नांगर बांधत नाहीत. वाटलं तर त्याला परत येता यावं म्हणून.