ताफिलाल्तचे भुयारी पाट

आफ्रिका खंडाच्या वायव्य कोपऱ्यात मोरोक्को हा देश आहे. त्याच्या मध्यातून ॲटलास पर्वताच्या रांगा गेल्या असून त्यांच्या उत्तरेस गहू, जैतून व द्राक्षे पिकविणारा सुपीक मुलूख आणि दक्षिणेस सहारा वाळवंटाचा आरंभ, अशी देशाची वाटणीच झालेली आहे. उत्तरेकडील मेकनेस शहरी शेतकीचे उच्च शिक्षण घेणारा मराठवाड्यातील एक विद्यार्थी २०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, शनिवार-रविवारच्या सुटीत, आपल्या वीस-बावीस सहाध्यायांसमवेत पर्वत ओलांडून ताफिलाल्त या वाळवंटी प्रदेशास गेला होता. घरून निघताना त्याच्या वडिलांची मोसंबीची बाग त्याच उन्हाळ्यात वाळून गेली होती. बोअरची तिसरी खुदाई कोरडी निघाली होती. ही गोष्ट मनात असल्याने सहलीत इतरांनी उंट पाहिले व त्याने पाणी पाहिले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

शुक्रवारी दुपारी निघालेली बस मिडेल्ट गावच्या सफरचंदाच्या बागा मागे टाकून झीझ नदीच्या खोल घळीत उतरली. घळ संपताच दोहो बाजूंस उघडे, तांबूस डोंगर आणि मध्ये नदीकाठाने मैलोगणती गेलेला खजुरीचा हिरवा पट्टा दृष्टीस पडला. या भागात वर्षाकाठी १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्याकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत याच्या पाच-सहापट पाऊस पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हिरवाईचे मोल कळते.

तेथील शेताची मांडणी तीन मजली असते. सर्वांत वर खजुरीचे छत्र, त्याखाली डाळिंब, अंजीर व जैतून यांची झाडे, आणि तळाशी लहान लहान वाफ्यांतून सातू, भाजीपाला व लसूणघास. वरच्या सावलीमुळे खालच्या पिकांस उन्हाची झळ कमी लागते व एकाच पाण्यात तिन्ही पिके निघतात. लसूणघासावर दमान जातीच्या मेंढ्या पाळतात. ही मेंढी एका वेतात पुष्कळदा दोन, कधी तीन कोकरे देते. मात्र ती मोकळ्या कुरणावर चरावयाची नव्हे, तिला गोठ्यात बांधून चारावे लागते. खजुरीत नर व मादी झाडे निराळी असल्याने फुलोऱ्याच्या वेळी माणूस झाडावर चढून नराच्या तुऱ्याचे परागकण मादीच्या फुलोऱ्यात हाताने घालतो. हे काम चुकले तर त्या वर्षी पीक चुकले.

एर्फूद गावापासून जोर्फच्या वाटेवर बस थांबली, तेथे मात्र विद्यार्थी बराच वेळ रेंगाळला. उजाड माळावर मोठमोठ्या वारुळांसारख्या मातीच्या ढिगांच्या ओळी क्षितिजापर्यंत गेल्या होत्या. प्रत्येक ढिगाच्या मध्यभागी एक उभी विहीर. या साऱ्या विहिरी तळाशी एका भुयाराने जोडलेल्या असतात. यास तेथे खेत्तारा म्हणतात. उंचवट्याकडील जमिनीत जेथे पाण्याचा थर लागतो तेथून भुयार काढावयास प्रारंभ करतात आणि त्याचा उतार वरच्या जमिनीच्या उतारापेक्षा कमी राखतात. त्यामुळे काही किलोमीटर गेल्यावर भुयार आपोआप जमिनीच्या पातळीस येते व पाणी मोटेवाचून, यंत्रावाचून उघड्या पाटात वाहू लागते. मधल्या विहिरी पाणी काढण्यासाठी नसून खोदताना माती वर काढण्यासाठी व पुढे गाळ उपसण्यासाठी असतात.

हे ऐकून विद्यार्थ्यास औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरी आठवली. सतराव्या शतकाच्या आरंभी, आफ्रिकेतच जन्मलेल्या मलिक अंबरने तेव्हाच्या खडकी गावासाठी अशाच जातीचा भुयारी पाट खोदविला होता. पाणचक्कीवर लहानपणी अनेकदा जाऊनही तेथील पाणी कसे येते हे त्याने कधी विचारले नव्हते. ते समजण्यास त्याला परदेशी जावे लागले. आपल्यापैकी पुष्कळांची तीच स्थिती आहे.

पाण्याची वाटणी जमिनीच्या आकारावर नसून श्रमाच्या वाट्यावर ठरलेली होती. ज्या कुळाने खोदाईत जितका भार उचलला तितका वेळ पाणी त्याचे, आणि हा वाटा वारसाने पुढे जातो. भुयाराचा कारभार पाहणाऱ्यास शेख म्हणतात. धुळे जिल्ह्यातील पांझरेवरच्या फड पद्धतीत पाटकरी व हवालदार जे काम पाहत, त्याच्याशी हे काम बरेच मिळते.

परंतु विद्यार्थ्यांनी पाहिलेला पाट कोरडा होता. झीझ नदीस १९६५ साली मोठा पूर आला, त्यानंतर १९७१ मध्ये वरच्या अंगास हसन अद्दाखिल हे धरण पुरे झाले. पुराचे भय कमी झाले, पण पुराच्या पाण्याने जमिनीत होणारी मुरवणही घटली. त्यातच अवर्षणाची वर्षे आली आणि पंप आले. पंपास डिझेल लागे. पुढे सवलतीच्या दराने मिळणारा स्वयंपाकाचा गॅस लोक त्यास जोडू लागले, आणि आता सौर पाट्याही दिसतात. भुयार आपल्या तळाखालचे पाणी घेऊ शकत नाही. थर देईल तेवढेच ते घेते. पंपास ही मर्यादा नाही. पाण्याची पातळी भुयाराच्या तळाखाली गेली की शंभर घरांचा पाट एकदम कोरडा पडतो, ज्याने पंप बसविला नाही त्याचाही.

भुयार आणखी खोल का नेत नाही, असे विद्यार्थ्याने एर-राशिदियाकडील एका सहाध्यायामार्फत तेथील वृद्ध शेखांस विचारले. त्यांनी सांगितले की खोल नेण्यास सर्व वाटेकऱ्यांचे हात लागतात. ज्यांच्याकडे पंप आहे त्यांना पाटाची गरज उरलेली नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांची मुले कासाब्लांकास किंवा फ्रान्सला गेली आहेत. विहिरीत उतरावयास माणूस मिळत नाही. शेखांनी हे कोणावर राग न धरता सांगितले. त्यांच्या पुतण्याचाही पंप होता.

खजुरीची कहाणीही निश्चिंत नाही. बायूद नावाच्या, जमिनीतून पसरणाऱ्या बुरशीच्या मर रोगाने सुमारे शंभर वर्षांत या देशातील एक कोटीवर झाडे मारली. येथील प्रसिद्ध मेजूल जात या रोगास लवकर बळी पडते. १९२७ साली बू-देनीब येथून तिचे ११ फुटवे अमेरिकेत नेले, त्यांतील ९ जगले आणि अमेरिकेतील मेजूलच्या बागा त्यांच्यापासून उभ्या राहिल्या. मोरोक्कोच्या संशोधकांनी आता रोगास दाद न देणारी नज्दा ही जात दिली आहे.

रविवारी मेर्झूगा येथे वाळूचे उंच डोंगर पाहण्यात सकाळ गेली. हासिलाबिएद या लगतच्या वस्तीत वाळू शेतात येऊ नये म्हणून खजुरीच्या झावळ्या पुरून चौकोनी कुंपणे केलेली होती. तेथील बागांस एका खेत्ताऱ्याचे पाणी मिळत होते. पाट पायाच्या पंजाएवढा रुंद होता, पण वाहत होता. विद्यार्थ्याने त्यात हात बुडवून पाहिला.

परतताना धरणाच्या काठाने बस जात असता त्याने वडिलांस दूरध्वनी केला. खजुराचा भाव त्यांनी प्रथम विचारला. भुयाराची रचना त्यांना फारशी वेळ न लागता समजली, कारण बोअरच्या निमित्ताने जमिनीचे थर त्यांना तोंडपाठ झाले होते. मग त्यांनी विचारले की एवढ्या लांबीचा गाळ दरसाल काढतो कोण, आणि जो येत नाही त्याचे पाणी बंद करतात काय. विद्यार्थी शेखांनी सांगितलेले सारे सांगू लागला. बस घळीत शिरल्यावर संपर्क तुटला, तो मिडेल्टपर्यंत पुन्हा जुळला नाही.