घोडीचं बीपी आणि चिकट प्लेटलेट!

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा पाहिलीय? तापीकाठी घोडेच घोडे! पण बीपी थेट धमनीतून पहिल्यांदा कुणाचं मोजलं, माहीत आहे का? एका घोडीचं! इंग्लंडच्या स्टीफन हेल्स या धर्मगुरूनं तिच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली. रक्त चढलं सव्वाआठ फूट! १७३३ मध्ये त्यानं हे छापलं.

आणि आपलं १४० चं बीपी? तशाच नळीत जवळपास सहा फुटांचा रक्ताचा खांब. अख्खा माणूस उभा राहील एवढा!

हा दाब सतत सोसून रक्तवाहिनीचं अस्तर दुखावतं, त्यातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. हाच वायू रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींना ‘सुट्या राहा गं!’ म्हणून बजावत असतो. तो घटला की त्या चिकटू लागतात आणि गुठळीचा धोका वाढतो.

आता एन्ट्री युरिक ॲसिडची! शेले या केमिस्टनं १७७६ मध्ये ते मुतखड्यात शोधलं. पाखरांच्या शिटेतला पांढरा भाग? तोच! बहुतेक सस्तन प्राणी ते फोडून टाकतात. ते फोडणारं एन्झाइम आपल्या पूर्वजांनी सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी गमावलं. प्रयोगशाळेत जास्त युरिकही नायट्रिक ऑक्साइड घटवतं. बीपीवाल्यांत ते अनेकदा वाढलेलं दिसतं, पण मुख्य चोर की नुसता साथीदार? वाद अजून रंगलाय.

गोळ्यांची गंमत तर बघा. छोट्या डोसची ॲस्पिरिन प्लेटलेटना आवरते, पण युरिक चढवते! लघवी वाढवणारी थायझाइडही चढवते, बीपीचीच लोसार्टन मात्र उतरवते. (गोळी मनानं बदलू नका हं, डॉक्टरांना विचारा!)

सर्पगंधा आठवते? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिचा बीपीवरचा गुण मांडला, आणि जगाचे डोळे विस्फारले. तिच्यातलं रिसर्पिन प्लेटलेटमधला सेरोटोनिनचा साठाही रिकामा करतं. एका मुळीत बीपी नि प्लेटलेट, दोन्हींवर नेम!

‘युरिक वाढलं? डाळ बंद!’ असं ऐकलंय ना? अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवली. २००४ चा निकाल असा की मांस-मासळीनं गाउटचा (युरिकमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा) धोका वाढला, प्युरीनवाल्या (ज्यापासून युरिक बनतं) भाज्या-डाळींनी नाही. भौगोलिक (जीआय) मानांकनवाली नवापूरची तूरडाळ निर्दोष सुटली की हो!