असमान पट्टे

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर प्रेसिडेन्सी कॉलेजची तांबड्या विटांची इमारत उभी आहे. शहराचे नाव मद्रास असताना, १९०३ साली, तेथील बी. ए.च्या वर्गात किरकोळ अंगाचा एक मुलगा येऊन बसला. हा चुकून आत शिरलेला शाळकरी पोर असावा असे वाटून प्राध्यापकांनी त्याची चौकशी केली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेविली तरी वयाचा हिशेब मात्र खरा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. म्हणजे तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. आज त्या वयाचा विद्यार्थी नववीत असतो.

या मुलाने पुढील तीन वर्षांत जे केले ते नेमून दिलेल्या अभ्यासात नव्हते. लोलकाचा कोन मोजण्याची कृती पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस नेहमीच करावी लागते. वर्णपटमापकाच्या तबकडीवर लोलक ठेवावयाचा, फटीतून येणारा समांतर प्रकाश त्याच्या पृष्ठावर पाडावयाचा, परावर्तित प्रतिमा दुर्बिणीतून पाहावयाची, अंश वाचून वहीत उतरावयाचे, झाले काम. रामन यांनी प्रकाश लोलकाच्या पृष्ठावर अगदी तिरपा, जवळजवळ पृष्ठास चाटून जाईल असा पाडला. तेव्हा फटीच्या प्रतिमेच्या दोन्ही अंगांस काळे व उजळ पट्टे दिसू लागले. पट्टे दिसण्यात नवल नव्हते. प्रकाश हा तरंगरूप असल्यामुळे अरुंद वाटेने जाताना तो कडांपाशी पसरतो, व या विवर्तनामुळे असे पट्टे उमटतात, हे पाठ्यपुस्तकांतही होते. परंतु पुस्तकातील आकृतीत दोन्ही बाजूंचे पट्टे समान रुंदीचे होते, आणि दुर्बिणीतील नव्हते. एका बाजूचे रुंद, दुसऱ्या बाजूचे अरुंद.

अशा वेळी बहुतेक विद्यार्थी उपकरणास दोष देऊन लोलक पूर्ववत फिरवितात. रामन यांनी पट्टे मोजावयास घेतले.

कारण समजण्यास फार गणित लागत नाही. पृष्ठाच्या दोन कडांकडून येणाऱ्या तरंगांच्या मार्गांत एक, दोन, तीन अशा पूर्ण तरंगलांब्यांचा फरक पडला, की तेथे काळा पट्टा येतो. मात्र हा फरक कोनाच्या प्रमाणात वाढत नाही, कोनाच्या ज्येच्या प्रमाणात वाढतो. शून्य अंशाजवळ ज्या भराभर बदलते. नव्वद अंशांजवळ ती मंदावते. दिनमानाचेही असेच असते. मार्च महिन्यात दिवस झपाट्याने मोठा होतो, पण २१ जूनच्या आगेमागे कित्येक दिवस फरक जाणवत नाही. प्रकाश पृष्ठावर सरळ पडला तर दोन्ही बाजूंस ज्या सारखीच बदलते, म्हणून पट्टे समान दिसतात. तो अतिशय तिरपा पडला, तर पृष्ठाकडील बाजूस तेवढाच मार्गभेद होण्यासाठी कोन अधिक बदलावा लागतो. म्हणून तिकडील पट्टे रुंदावतात. समजा, पृष्ठाची रुंदी ३ सेंटीमीटर आहे, तरंगलांबी ०.००००६ सेंटीमीटर आहे, आणि किरण पृष्ठाशी अर्ध्या अंशाचा कोन करीत आहेत. हिशेब केला असता पृष्ठाकडील पहिला काळा पट्टा मध्यापासून सुमारे सव्वानऊ कलांवर, तर दुसऱ्या बाजूचा सात कलांवर येतो. हा भेद दुर्बिणीतून सहज दिसण्याजोगा आहे.

आयताकृती रंध्रामुळे पडणाऱ्या या असमान पट्ट्यांवरील रामन यांचा निबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये नोव्हेंबर १९०६ मध्ये छापला गेला. लेखकास त्याच महिन्यात अठरा वर्षे पुरी झाली. एम. ए.च्या दोन वर्षांत आपण केवळ एका व्याख्यानास बसलो, असे पुढे रामन यांनीच सांगितले. प्राध्यापक जोन्स यांनी त्यांना प्रयोगशाळेत मोकळे सोडले होते. अशी मोकळीक प्रत्येकास मानवेल असे नाही. पण ज्यास मानवेल त्याची पारख करणेही सोपे नसते. १९०७ साली एम. ए. होताच रामन सरकारी हिशेबखात्यात नोकरीस लागले, कारण संशोधनावर पोट भरण्याची सोय त्यांच्यापुढे नव्हती. कलकत्त्यास कचेरीची वेळ सोडून उरलेल्या वेळात ते प्रयोग करीत. विद्यापीठाचे दार त्यांच्यासाठी १९१७ साली उघडले, तेही थेट प्राध्यापक म्हणून.

त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर याच महाविद्यालयात शिकत होते. १९२८ साली जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड मद्रासला व्याख्यानासाठी आले, तेव्हा चंद्रशेखर त्यांना त्यांच्या मुक्कामी जाऊन भेटले. झोमरफेल्ड यांचा अणुरचनेवरील ग्रंथ या मुलाने स्वतःच्या बळावर वाचून काढला होता. ग्रंथकर्त्यानेच त्यास सांगितले, की नव्या पुंजयामिकीमुळे त्यातील बरेचसे विवेचन जुने झाले आहे. एवढ्या मेहनतीवर एका भेटीत पाणी पडले असते तर आश्चर्य नव्हते. परंतु झोमरफेल्ड यांनी धातूंतील इलेक्ट्रॉनांवरील आपल्या नव्या निबंधाची मुद्रिते त्यांना दिली. त्यांतील सांख्यिकी आत्मसात करून चंद्रशेखर यांनी काही महिन्यांतच कॉम्प्टन प्रकीर्णनावर निबंध लिहिला व केंब्रिजला राल्फ फाउलर यांच्याकडे पाठविला. तो १९२९ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. १९३० साली ते फाउलर यांच्याच हाताखाली शिकण्यास निघाले, आणि बोटीवर याच सांख्यिकीच्या आधारे श्वेत बटू ताऱ्यांच्या वस्तुमानास मर्यादा असल्याचे त्यांनी गणिताने काढले. आज ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात.

दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. आपल्या परिसरातील एखादा प्रश्न निवडून मुलांनी स्वतः निरीक्षणे करावी, असा तिचा परिपाठ होता. मुंबईच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही सहावीच्या व नववीच्या मुलांना कृतिसंशोधन प्रकल्प करावा लागतो. त्यांतील काही प्रकल्प पालकांच्या हातचे असतात हे परीक्षकांच्या ध्यानात येतेच: त्यांत पुस्तकाशी न जुळणारे एकही माप आढळत नाही.

रामन यांचे पट्टे शाळेतही पाहता येतात, आणि त्यासाठी वर्णपटमापक लागत नाही. मिलीमीटरच्या खुणा कोरलेली पोलादी मोजपट्टी टेबलावर आडवी ठेवावी व लेसर दिव्याचा तांबडा झोत खुणांना चाटून जाईल असा सोडावा. झोतात किंवा त्याच्या परावर्तनात कोणीही डोळा घालू नये. समोरच्या भिंतीवर ठिपक्यांची उभी रांग उमटेल. टेबलाच्या पातळीजवळचे ठिपके दूरदूर, वरचे दाटीने. त्यांच्या उंची व मोजपट्टीपासून भिंतीचे अंतर वहीत नोंदविले, म्हणजे तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी त्या मिलीमीटरच्या खुणांवरूनच काढता येते.