समानार्थी, पण सारखे नव्हे!

होस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये जा, एखाद्या तरी टेबलासमोर भिंतीवर इंग्रजी शब्दांचा कागद चिकटवलेला दिसतोच. डावीकडे शब्द, उजवीकडे एक मराठी अर्थ आणि मधे बरोबरचं चिन्ह. रोज वीस शब्द पाठ! महिन्यानंतर विचाराल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आठवतात. मग मराठी माध्यमातून आलेला मित्र म्हणतो, "आपली मेमरीच कच्ची हाय यार." मला विचाराल तर मेमरी ठणठणीत आहे, गडबड त्या बरोबरच्या चिन्हात आहे.

आता आपल्याच विषयातलं बघा. हार्ड, टफ, स्ट्राँग, स्टिफ. या चारही शब्दांपुढे भिंतीवरच्या कागदात 'कठीण', 'कडक', 'मजबूत' असंच काहीतरी असेल. पण मटेरियल्सच्या लॅबमध्ये हे चार वेगवेगळे गुण आहेत. ओरखडा किंवा खळगा पडू न देणं म्हणजे हार्डनेस, तुटण्याआधी ऊर्जा पोटात घेणं म्हणजे टफनेस, वाकायला विरोध करणं म्हणजे स्टिफनेस. काच हार्ड असते, पण हातोडीचा एक ठोका बसला की तुकडे. म्हणजे टफ नाही. तसंच 'ब्रिटल'चा विरुद्धार्थी शब्द 'सॉफ्ट' नाही, 'डक्टाइल' आहे. व्हायवात हे शब्द कोणी अदलाबदल केले तर सर लगेच बाहेर काढतात! व्याख्या, शेजारचे शब्द आणि विरुद्ध शब्द, या तिन्हींनी मिळून एका शब्दाची जागा पक्की होते. लॅबमध्ये आपण हे करतोच. इंग्रजीची वही उघडली की मात्र विसरतो.

शेजारचे शब्द किती वेगळे असू शकतात याचं उदाहरण आपल्या वर्धा जिल्ह्यात आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीला पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला लोक गेले. गोळीबार झाला, गावकरी मारले गेले, पोलीसही मारले गेले. त्या महिन्यात देशभर जे चाललं होतं त्याला इंग्रजीत काय म्हणायचं? १९४३ साली सरकारने काँग्रेसवर ठपका ठेवणारी एक पुस्तिका काढली, तिच्या नावात शब्द आहे 'डिस्टर्बन्सेस'. म्हणजे गडबड, अशांतता. पण त्याच सरकारचे व्हॉइसरॉय लिनलिथगो यांनी ३१ ऑगस्ट १९४२ ला चर्चिलना जी तार केली, तीत शब्द वापरला 'रिबेलियन'. १८५७ नंतरचं सगळ्यात गंभीर बंड! घटना तीच, सरकार तेच. जगाला दाखवायचा शब्द वेगळा आणि आपसात बोलायचा वेगळा. डिस्टर्बन्स, रायट, रिबेलियन, अपरायझिंग हे शब्द थिसॉरसमध्ये जवळजवळ सापडतील, पण यातला कोणता निवडला यावरून बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे ते कळतं. 'क्राउड' आणि 'मॉब' यांचंही तसंच. गर्दी दोन्हीत आहे, पण मॉब म्हटलं की हातात दगड आलाच.

आष्टीला लोक 'शहीद आष्टी' म्हणतात. शहीदला इंग्रजी शब्द मार्टर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. गंमत पुढे आहे. मार्टर हा शब्द ग्रीकमधून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ 'साक्षीदार'. शहीद अरबीतून आला, त्याच्याही मुळाशी साक्ष देणंच आहे! जीव देऊन साक्ष देणारा तो मार्टर. सावरकरांनी मराठीला दिलेला 'हुतात्मा' मात्र वेगळ्या वाटेनं येतो, त्यात यज्ञाची आहुती आहे. आता 'व्हिक्टिम' घ्या. मरण त्यातही येऊ शकतं, पण ते त्यानं निवडलेलं नसतं. आष्टीच्या स्मारकावर व्हिक्टिम लिहून चालेल का? एवढं एकदा कळलं की मार्टर हा शब्द पाठ करावा लागत नाही.

विरुद्धार्थी शब्दांची गोष्ट आणखी मजेदार. आपल्या भागातला, म्हणजे आर्वी-आष्टी-कारंजाकडचा संत्रा घ्या. संत्र्याच्या बाबतीत गोडच्या विरुद्ध आंबट. औषधाच्या बाबतीत गोडच्या विरुद्ध कडू. इंग्रजीतही तेच, स्वीटसमोर कधी सावर तर कधी बिटर. बॅगेच्या बाबतीत 'लाइट'च्या विरुद्ध 'हेवी', रंगाच्या बाबतीत 'डार्क'. 'रफ' पृष्ठभागाच्या विरुद्ध 'स्मूथ', पण रफ एस्टिमेटच्या विरुद्ध स्मूथ एस्टिमेट कोणी म्हणत नाही! कशाच्या संदर्भात ते ठरल्याशिवाय उलट शब्द सांगताच येत नाही.

नुसता 'इन' लावून उलट शब्द तयार करणाऱ्यांनी तर जपूनच राहावं. आपला 'अ', 'अन्' आणि इंग्रजीतले 'अन', 'इन' हे एकाच घराण्यातले. अमर आणि इमॉर्टल, अज्ञात आणि अननोन या जोड्या सख्ख्या भावंडांसारख्या आहेत. पण 'इनफ्लॅमेबल' म्हणजे न पेटणारं नव्हे, झटकन पेटणारं! तिथला 'इन' नकाराचा नाहीच. हा घोळ जिवावर बेतू नये म्हणून पुढे सुरक्षेच्या पाट्यांवर 'फ्लॅमेबल' लिहायची रीत पडली. 'इनव्हॅल्युएबल'ही असाच, त्याचा अर्थ अनमोल.

जीआरईच्या जुन्या पेपरात विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न असायचे, म्हणून सिनियर्सकडून हजारो शब्दांच्या याद्यांची झेरॉक्स फिरायची. २०११ मध्ये परीक्षा बदलली आणि ते प्रश्न गेले. आता वाक्यात रिकामी जागा असते आणि वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द निवडायचे असतात. याद्या मात्र अजून फिरतातच!

मग वही कशी ठेवायची? एका पानावर एकच शब्द, आणि सुरुवात शक्यतो आपल्या मराठी शब्दापासून. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) आता इंटरनेटवर फुकट बघता येतो. इंग्रजी जुनं आहे, पण आपल्या एकेका शब्दासाठी त्या माणसानं किती छटा शोधल्या ते बघण्यासारखं आहे.

नमुना म्हणून 'जिद्दी' घ्या. कॅम्पसच्या एचआर राउंडला आपली मुलं "आय अॅम स्टबर्न" म्हणून मोकळी होतात, कारण कागदावर जिद्दी बरोबर स्टबर्न असं लिहिलेलं असतं. समोरचा ऐकतो 'हट्टी'. पानावर असं लिहा: स्टबर्न, ऑब्स्टिनेट म्हणजे समजावलं तरी न ऐकणारा. पर्सिस्टंट, टेनेशस म्हणजे अडचण आली तरी न सोडणारा. आता उलट बाजू. स्टबर्नच्या विरुद्ध फ्लेक्सिबल, आणि ती स्तुती आहे. पर्सिस्टंटच्या विरुद्ध हाफ-हार्टेड, आणि ती चक्क तक्रार आहे. कोणता शब्द घेऊन इंटरव्ह्यूला आत जायचं ते हा उलटा रकानाच सांगतो.