उजेड आणि पुरावा

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली तो लाल पट्टा पहिल्यांदा उजळला, तेव्हा मला वाटले, माझे प्रथिन सापडले. पुढचे तीन आठवडे मी त्याच आनंदात होते.

एका पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतले नेमके एक शोधण्यासाठी ‘वेस्टर्न ब्लॉट’ ही पद्धत वापरतात. पेशी फोडून त्यातली प्रथिने एका जेलमधून विजेच्या दाबाने पळवायची. लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे राहतात. मग ती कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवून घ्यायची. ही पद्धत १९७९ सालची. डीएनएसाठीची पद्धत एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये मांडली होती. त्यांच्या आडनावावर कोटी करून १९८१ मध्ये नील बर्नेट यांनी हिला ‘वेस्टर्न’ म्हटले.

पडद्यावर प्रथिने असतात, पण दिसत नाहीत. हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड वर सोडायचे. तेही डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला काहीतरी चमकणारे जोडावे लागते. नेहमीचे फ्लुओरेसंट रंग प्रकाशात लवकर विटतात. क्वांटम डॉट हे अर्धवाहकाचे कण पुष्कळ जास्त टिकतात. कॅडमियम सेलेनाइडचा दोन नॅनोमीटरच्या आसपासचा कण निळसर चमकतो, तर सहा नॅनोमीटरच्या आसपासचा लाल. पदार्थ तोच, फरक फक्त आकाराचा. आतल्या इलेक्ट्रॉनला जागा जितकी अपुरी, तितका त्याच्या ऊर्जापातळ्यांमधला फरक मोठा आणि प्रकाश निळ्याकडे झुकलेला. याच कणांच्या शोधासाठी एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जीवशास्त्रात हे कण १९९८ पासून आले.

कण प्रतिपिंडाला जोडण्यासाठी मी प्रचलित वाट धरली होती. प्रतिपिंडावर बायोटिन, म्हणजे ब गटातले एक जीवनसत्त्व, आणि कणावर स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचे जिवाणूंकडून मिळणारे प्रथिन. या दोघांची मिठी निसर्गातल्या सर्वांत घट्ट बंधांपैकी एक. पडद्यावरच्या रिकाम्या जागा झाकायला एरवी दुधाची भुकटी वापरतात. पण दुधात बायोटिन असते, म्हणून ती टाळायची. ही काळजी मी घेतली होती.

माझे प्रथिन साधारण पंचाहत्तर किलोडाल्टनचे. पट्टा बरोबर तिथेच उमटला. अहवालात मी तसे लिहिलेही. मग ज्या पेशींमधून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले होते, त्यांचा नमुना शेजारी लावला. तिथेही तोच पट्टा, तितकाच लाल. मी नमुन्यांची अदलाबदल झाली असावी असे धरून प्रयोग पुन्हा केला. तरी तेच.

सरांनी फोटो पाहिला आणि एवढेच विचारले, “प्रतिपिंड न घालता करून बघितलंस का?”

नव्हते बघितले. त्या रात्री बघितले. प्रतिपिंडाचा थेंबही नसलेल्या पडद्यावर पट्टा जागच्या जागी उजळला. पेशीत काही विकरे स्वतःच बायोटिन बाळगून असतात, हे मी पुस्तकात वाचले होते, पण प्रयोगाशी जोडले नव्हते. त्यांतली काही नेमकी पंचाहत्तर किलोडाल्टनच्या आसपासची. माझे कण थेट त्यांना जाऊन चिकटत होते. दुधातले बायोटिन मी टाळले, पेशीतले विसरले.

दोष कणांचा नव्हता. त्यांनी आपले काम चोख केले: जिथे चिकटले तिथे चमकले. कण ‘मी इथे आहे’ एवढेच सांगतो. कशाला चिकटला आहे, हे सांगत नाही. ते आपल्याला शोधावे लागते, आणि प्रकाश जितका झगझगीत तितका हा प्रश्न विसरायला सोपा. अशाच पट्ट्यांवरून पुढे कुणी आजाराची खूण ठरवतो, कुणी औषधाचा विचार करतो. म्हणून ही चूक माझ्या तीन आठवड्यांपुरती राहत नाही.

अहवालातले ते पान मी काढून घेतले. प्रतिपिंडावर बायोटिनऐवजी कण थेट जोडून प्रयोग केला, तेव्हा एक फिकट पट्टा मिळाला. जनुक काढलेल्या पेशींत तो नव्हता. पहिल्यापेक्षा कितीतरी मंद, पण माझा होता.

आता प्रत्येक पडद्याबरोबर एक तुकडा प्रतिपिंडाविना ठेवते. तो काळाच राहिला, तरच बाकीच्या उजेडाकडे बघते.